मालिकेंतील घर व आपलें घर

कुंडलसारख्या गांवीं सायंकाळीं सात-साडेसातच्या सुमारास एखाद्या आळीनें चालत गेलें तर एक मौज अनुभवास येते. एका घरांतून कानीं पडलेलें अर्धें वाक्य पुढच्या घरांतून पुरें होतें. कारण दोनहि घरीं दूरचित्रवाणीवर एकच मालिका चाललेली असते. उसाच्या फडांतून किंवा कारखान्याच्या पाळीवरून परतलेला बाप, भाकऱ्या उरकून पदरास हात पुशीत बसलेली आई, भिंतीस टेकलेली आजी, आणि पुस्तक उघडें ठेवून डोळे मात्र पडद्याकडे लावलेला विद्यार्थी, असें सारें कुटुंब त्या अर्ध्या तासापुरतें एके ठिकाणीं येतें. दिवसांतून एकदां तरी घर एकत्र बसतें, हें लहानसहान सुख नव्हे. परंतु हें एकत्र बसलेलें घर आपसांत बोलत नसतें. तें दुसऱ्या घराचें बोलणें ऐकत असतें. ह्या गोष्टीचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करावा, एवढ्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणतीहि नवी करमणूक आली कीं ती तरुणांस बिघडविते असा पुकारा करण्याची वडील मंडळींची रीत जुनीच आहे. कादंबरी आली तेव्हां तसें झालें, बोलपट आला तेव्हांहि झालें. त्या पुकाऱ्यांत आम्हांस आपला सूर मिसळावयाचा नाहीं. खेड्यांतील कुटुंबांवर व प्रेमविवाहांवर रचलेल्या ह्या मालिकांनीं आपल्या भागावर कांहीं उपकारहि केले आहेत. २०१६ पासून २०२१ पर्यंत चाललेली ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका कोल्हापूरकडील एका भोळ्या पैलवानाची व एका शिक्षिकेची. तर २०१७ पासून २०१९ पर्यंत चाललेली ‘लागिरं झालं जी’ ही सातारा भागांतील एका फौजी तरुणाची व त्याच्या प्रेयसीची. ज्या कुंडलच्या कुस्ती-मैदानाचें नांव सर्व महाराष्ट्रांत घेतलें जातें, तेथील मंडळींस तांबडी माती पडद्यावर पाहून आनंद न झाला तरच नवल! ज्या सातारा जिल्ह्यांत घरोघर कोणी ना कोणी सैन्यांत आहे, तेथील आयांस रजा संपवून निघालेल्या मुलाचा देखावा पाहून डोळ्यांस पदर लावावा लागला, तर त्यांत खोटें कांहींच नव्हतें. आपली बोली, जी एके काळीं नाटकांत बहुधा नोकराच्या वा विदूषकाच्या तोंडीं ऐकूं येई, ती ह्या मालिकांत नायक-नायिकेच्या तोंडीं आली. ‘लागिरं झालं जी’ मधील ‘जिजी’ ही आजी ज्यांनीं उभी केली, त्या कै. कमल ठोके तर व्यवसायानें शिक्षिका होत्या. २०२० सालीं त्या वारल्या तेव्हां आपल्याच घरची आजी गेली असें पुष्कळांस वाटलें. असा जिव्हाळा केवळ वाईट गोष्टींतून निर्माण होत नसतो.

मग आमचें म्हणणें तरी काय? आमचें म्हणणें एवढेंच कीं, ह्या मालिका सुरू होतात आपल्या घरासारख्या, पण चालतात मात्र अशा एका नियमानें कीं, ज्या नियमानें आपलें घर चाललें तर तें चार महिन्यांत मोडेल. तो नियम म्हणजे, बोलावयाचें तें न बोलणें.

ह्याचें कारण कोणाचा दुष्टपणा नसून व्यवहार आहे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र १९७२ सालीं सुरू झालें. त्यावरील प्रारंभींच्या मालिका बहुधा आठवड्यास एकदां दाखवीत व थोड्याच भागांत त्या पुऱ्या होत. पुढें खासगी वाहिन्या आल्या व मालिका रोजची झाली. रोजच्या मालिकेचें पोट जाहिरातीवर, जाहिरातीचें पोट प्रेक्षकांच्या संख्येवर. आणि प्रेक्षक उद्यां पुन्हां यावा यासाठीं आजचा गुंता आज सुटतां कामा नये. ‘चार दिवस सासूचे’ ह्या मालिकेचें नांव चार दिवसांचें, पण ती २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले! इतके दिवस एका घराचें भांडण जिवंत ठेवावयाचें तर उपाय एकच. सुनेस खरी गोष्ट कळते, पण ती नवऱ्यास सांगत नाहीं. मुलगा दाराआडून अर्धेंच वाक्य ऐकतो, पण बापास विचारीत नाहीं. पत्र चुकीच्या हातीं पडतें, आणि ज्याचें पत्र तो दोन महिने मुका राहतो. ‘अहो, हें खरें आहे का?’ असा एक प्रश्न कोणीं सरळ विचारला, तर कितीएक मालिका त्याच दिवशीं संपतील. घरांतलें भांडण मिटलें कीं मालिका मिटते. म्हणून तें मिटवावयाचें नसतें.

त्याच्याच जोडीस दुसरी एक गोष्ट येते. घरांतील सर्व दुःखास एकच माणूस कारण आहे असें मालिका दाखविते. बहुधा ती थोरली वहिनी असते, नाहीं तर सासू, नाहीं तर वाड्यावरचा मुजोर मुलगा. इस्टेटीच्या लोभानें ती वहिनी कारस्थानें करते, आणि ती घरांतून गेली कीं सर्व आलबेल! हें पाहून पाहून आपल्याहि मनास तशी संवय जडते, आणि आपल्या घरांत खटका उडाला कीं आपण कारण न शोधतां अपराधी शोधूं लागतों.

वास्तविक आपल्या कृष्णाकांठच्या घरांतील दुःखें कोणत्या जातीचीं असतात? समजा, तीन भावांत चार एकर जमीन आहे. उसाचें बिल लांबलें आहे, सोसायटीचें कर्ज डोक्यावर आहे, आणि मुलीचें लग्न तोंडावर आलें आहे. थोरला म्हणतो, तुकडा विकूं. धाकटा म्हणतो, माझा वांटा वेगळा करून द्या. जावाजावांत भांडीं आपटूं लागतात. येथें दुष्ट वहिनी कोण? कोणीच नाहीं. येथें आहे ती अडचण, आणि तिच्यावर पांघरलेला अबोला. कर्ज किती आहे हें बापानें मुलांस कधीं सांगितलेलें नसतें. लग्नास किती खर्च झेपेल हें व्याह्यास सांगण्याची लाज वाटते. आणि जिचें लग्न, तिला तर कोणीं विचारलेलेंच नसतें. ती कदाचित् दहावीच्या वर्गांत पहिल्या पांचांत असेल, कदाचित् तिला परिचारिका व्हावयाचें असेल. पण तें वाक्य तिच्या ओठांशीं येऊन परत जातें.

कायदा ह्या बाबतींत बोलका आहे. मुलीचें वय १८ व मुलाचें २१ पूर्ण होण्यापूर्वीं विवाह करतां येत नाहीं. हुंडा घेणें व देणें हा १९६१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. हिंदु कुटुंबांतील वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व मध्यवर्ती कायद्यानें २००५ सालीं मान्य केला; ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेल्या १९२५ च्या वारसा-कायद्यांत तर मुलगा व मुलगी असा भेदच नाहीं. परंतु कायदा बोलका असून घर मुकें असेल तर काय उपयोग? बहिणीकडून हक्कसोड-पत्रावर सही घेतली जाते, तेव्हां तिच्याशीं कागदाविषयीं कोणी बोलत नाहीं. तिला साडी-चोळी देऊन गोड बोलतात, एवढेंच. पुढें वीस वर्षें राखीपौर्णिमेस ती येते खरी, पण मनांतील गांठ तशीच राहते.

कुंडलच्या मंडळींस तर ह्या बाबतींत दूर पाहावयास नको. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं सातारा भागांत जें प्रतिसरकार चाललें, त्याचें कुंडल हें एक प्रमुख ठाणें होतें. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड हे ह्याच गांवचे. तुफान सेनेच्या शौर्याच्या कथा आपण मुलांस सांगतों व त्या सांगाव्याच. पण त्याच काळीं गांवोगांव न्यायदान-मंडळें बसत, आणि जमिनीचे, देण्याघेण्याचे व घरगुती तंटेहि पंचांपुढें उघडपणें मांडले जात, ही गोष्ट आपण विसरतों. त्या सरकारच्या कांहीं शिक्षा कठोर होत्या. त्यांचें समर्थन करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु चारचौघांत आपलें म्हणणें मांडावें व दुसऱ्याचें ऐकून घ्यावें, हा धडा त्यांतून पुष्कळांस मिळाला. त्याच काळीं ‘गांधी-विवाहा’ची पद्धत ह्या भागांत रूढ करण्यांत आली. हुंडा नाहीं, मानपान नाहीं, कर्ज नाहीं. साध्या रीतीनें हार घालून विवाह होई. आज मालिकेंतील एक लग्न आठ आठ दिवस चालतें, हळदीस एक पोशाख व मेंदीस दुसरा. आणि तें पाहून आपणहि मांडव वाढवितों व कर्जहि वाढवितों. ज्या गांवानें थोडक्यांत लग्न करून दाखविलें, त्या गांवानें पडद्यावरील लग्नाचा कित्ता गिरवावा काय?

दुसरें उदाहरण कुंडलच्या अगदीं शेजारचें. किर्लोस्करवाडीहून १९३० सालीं ‘स्त्री’ हें मासिक निघूं लागलें. संसारांतील ज्या गोष्टी बायका केवळ पाणवठ्यावर कुजबुजत, त्यांस ह्या मासिकानें छापील पानावर जागा दिली. त्यांतील लेखांनीं घरांचें रहस्य फोडलें नाहीं. घरांस बोलतें केलें. घरगुती दुःखावर लिहिण्याची हीहि एक रीत आहे, व ती ह्याच मातींत उगवलेली आहे.

आतां विद्यार्थ्यांशीं चार शब्द. प्रेम हा विषय शाळेच्या अंकांत कसा, असें कोणी म्हणेल. पण जो विषय रोज तुमच्या माजघरांत येतो त्याविषयीं शाळेनेंच मौन कां धरावें? कित्येक मालिकांत नायक नायिकेच्या वाटेंत उभा राहतो, तिच्यामागें फिरतो, तिनें नाहीं म्हटलें तरी हटत नाहीं, आणि शेवटीं तिचें मन वळतें. मुलांनो, पडद्यावर लेखकानें तिचें मन आधींच वळवून ठेवलेलें असतें. एस्. टी. च्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीचें ‘नाहीं’ हें ‘नाहीं’च असतें, आणि मागें फिरणारा मुलगा तिला नायक वाटत नाहीं, भीति वाटते. त्या भीतीपायीं तिची शाळा सुटूं शकते, हें ध्यानांत ठेवा. आणि मुलींनो, नायिकेचें सोसणें पाहून तुमचे डोळे भरतात तें स्वाभाविक आहे; पण मुकाट्यानें सोसणें हाच स्त्रीचा मोठा गुण, असें मात्र समजूं नका. आईस सांगा, बाईंस सांगा, मावशीस सांगा, पण सांगा.

ह्यावर पालक म्हणतील, मुलें अशीं बोलूं लागलीं तर वडिलांचा मान कोठें राहिला? ही शंका अगदींच निराधार नाहीं. बोलणें व उद्धटपणा यांत अंतर आहे, आणि तें मुलांनीं शिकलेंच पाहिजे. परंतु मान हा गप्प बसविल्यानें राहतो असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या शाळेंत उधळ्या पुत्राचा दाखला सर्व मुलांस ठाऊक आहे. तोहि एका शेतकरी घराचाच, दोन भावांचा व इस्टेटीच्या वांटणीचा दाखला आहे. धाकटा परत आला, घरांत वाद्यें वाजूं लागलीं, आणि शेतांतून आलेला थोरला रागानें घरांत येईना. तेव्हां बाप काय करतो? माझा मान कोठें राहिला, असें म्हणून तो आंत बसून राहत नाहीं. तो स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरलाहि मनांतील सारें गाऱ्हाणें बापास तोंडावर सांगतो, आणि बाप तें ऐकून घेतो. शेवटीं थोरला घरांत गेला कीं नाहीं, हें त्या दाखल्यांत सांगितलेलें नाहीं. पण बाप अंगणांत आला आणि दोघे बोलले, एवढें निश्चित. आणि त्या बापाचा मान त्यामुळें कमी झाला असें आजवर कोणीं म्हटलेलें नाहीं.

मग करावें तरी काय? आपल्याच जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांचें वडगांव ह्या गांवानें ऑगस्ट २०२२ मध्यें एक उपक्रम सुरू केला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावयाचा, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी-संच व मोबाईल बंद ठेवून मुलांनीं अभ्यासास व वडील मंडळींनीं वाचनास वा बोलण्यास बसावयाचें. ग्रामसभेंत ठराव करून गांवानें हें आपण होऊन स्वीकारलें, म्हणून तें अधिक स्तुत्य होय. सर्वच गांवांस हें साधेल असें नाहीं. आणि दिवसभर राबलेल्या बाईची अर्ध्या तासाची करमणूक काढून घ्यावी असें आम्ही म्हणणार नाहीं.

आम्ही त्याहून सोपी गोष्ट सुचवितों. मालिका पाहा, सर्वांनीं मिळून पाहा. भाग संपला कीं संच बंद करून एकमेकांस एक प्रश्न विचारा: ‘आज ह्या घरांतील कोणीं कोणतें वाक्य बोललें असतें, तर हें सारें येथेंच मिटलें असतें?’ लहान मुलेंहि ह्याचें उत्तर चटकन् देतील, व घरांत थोडें हसूंहि होईल. कांहीं दिवस हा खेळ चालला म्हणजे मग कोणीं तरी, शक्य तर घरांतील वडील माणसानें, दुसरा प्रश्न काढावा: ‘आपल्या घरांत असें कोणतें वाक्य बोलावयाचें राहिलें आहे?’ कदाचित् तें कर्जाविषयीं असेल, बहिणीच्या वांट्याविषयीं असेल, किंवा कोपऱ्यांत पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाविषयीं असेल. पहिल्या दिवशीं कोणी बोलणार नाहीं. तरी संच लगेच पुन्हां लावूं नये, थोडें थांबावें.