मोफत लहरी, महाग राऊटर



आता अभ्यासासाठी बहुतेक घरांत वाय-फाय लागते. राऊटर जितका महाग तितका मुलांचा अभ्यास वेगाने होईल, असा समजही त्याबरोबर पसरला आहे. तो तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

राऊटर ज्या रेडिओ लहरींवर चालतो, त्या ना दुकानदाराच्या, ना कंपनीच्या. कोणत्या लहरी किती शक्तीने वापराव्यात, हे प्रत्येक देशाचे सरकार ठरवते. एके काळी घरच्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे, हे आजी-आजोबांना आठवत असेल. वाय-फायचे तसे नाही. भारतात जानेवारी 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधील एकूण 605 मेगाहर्ट्झ. म्हणजे लहरींसाठी आपण काहीच शुल्क देत नाही. दरमहा देतो ते इंटरनेटचे, करांचे आणि कुठे राऊटरच्या भाड्याचे. याखेरीज बिलात ‘वाय-फाय शुल्क’ दिसले, तर ते कशाचे, हे अवश्य विचारावे.

नव्या राऊटरवर 6 गिगाहर्ट्झ हा तिसरा पट्टा लिहिलेला असतो. अमेरिकेने 2020 मध्ये या पट्ट्यातील 1200 मेगाहर्ट्झ खुले केले, युरोपीय संघाने 2021 मध्ये 480. भारतात मे 2025 मध्ये मसुदा नियम आले, ते 500 मेगाहर्ट्झचे. साहजिकच अमेरिकेतील नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला राऊटर तेथील हिशेबाने बनलेला असतो. त्याच्या खोक्यावरील सगळा वेग येथे नियमाने मिळणार नाही, किंमत मात्र पूर्ण मोजलेली असते.

काही मुले राऊटरमध्ये देशाचे नाव बदलून जास्त वेग मिळवू पाहतात. ही हुशारी नव्हे. परवान्याची सूट मर्यादेतच आहे. मर्यादा ओलांडली की शेजाऱ्यांच्या आणि इतर सेवांच्या संदेशांत अडथळा येऊ शकतो. सार्वजनिक विहिरीचे पाणी मोफत असले, तरी तिला कोणी स्वतःचा पंप लावत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. राऊटर येथेच, पावती घेऊन घ्यावा. दूरसंचार विभागाची ‘ईटीए’ मान्यता आहे का आणि यातील कोणते पट्टे भारतात चालतात, हे दोन प्रश्न दुकानदारास विचारावेत. साधारण घराला दोन पट्ट्यांचा राऊटर पुरतो. तो घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा, कारण 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. शाळेसाठी खरेदी करताना विश्वस्तांनीही हेच निकष लावावेत, अशी विनंती आहे.

आणखी एक. असे मसुदे निघतात तेव्हा सरकार जनतेकडून हरकती व सूचना मागवते. कंपन्या न चुकता लिहितात. आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीही असे मसुदे वाचावेत व लिहावे. ज्या लहरींवर आपला अभ्यास चालतो, त्यांच्याविषयी बोलण्याचा हक्क आपलाही आहे.