आडनावाचे मूळ डीएनए चाचणीत सापडते का?

उरणजवळच्या मोरा बंदरापासून पनवेल, पेण, अलिबागपर्यंत अनेक आडनावे गावांवरून पडली आहेत. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांतलीच. थुंकीचा नमुना पाठवून आपले मूळ कळते, अशा जाहिराती पाहून अनेक जण विचारतात, "डॉक्टर, ही चाचणी करावी का? त्यातून आजारही कळतील ना?"

चाचणी काय पाहते?

वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जाते, आडनावासारखेच. त्यामुळे एकाच आडनावाच्या दोन पुरुषांचा पूर्वज एक होता का, याचा अंदाज त्यावरून येतो. स्त्रियांमध्ये हे गुणसूत्र नसते, म्हणून त्यांना वडिलांचा किंवा भावाचा नमुना द्यावा लागतो. पण आपल्याकडे एका गावातून बाहेर पडलेली, वेगवेगळ्या जातिधर्मांची घराणी एकच 'कर' आडनाव लावतात. दत्तक घेतल्यावर आडनाव पुढे चालते, गुणसूत्र चालत नाही. शिवाय दहा पिढ्या मागे गेल्यास वंशवृक्षात 1,024 जागा असतात आणि ही चाचणी त्यांतल्या एकाच पूर्वजाचा माग काढते.

कोकणातले उदाहरण

रायगडमधील बेने इस्राएल समाजाची आडनावेही गावांवरून आहेत. आपले पूर्वज नवगावजवळ फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे आढळले. हा संकर सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाला असावा. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून, तर भारतीय वारसा स्त्रियांकडून आला. आडनाव गाव सांगते, पण त्यामागच्या आयांचा इतिहास सांगत नाही.

आरोग्याशी संबंध कुठे येतो?

पिढ्यानपिढ्या समाजातच लग्ने झाल्याने काही जनुकीय दोष त्या समाजात जास्त आढळतात. 2017 च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील 263 गटांपैकी 81 गटांमध्ये हा परिणाम अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र दिसला. आर्य वैश्य समाजातील काहींना भूल देताना वापरल्या जाणाऱ्या स्नायू सैल करणाऱ्या ठरावीक औषधांचा असर उतरायला फार वेळ लागतो. ही माहिती शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला मिळाली, तर धोका टाळता येतो.

मात्र घरपोच चाचणीवर विसंबू नका. 2018 मध्ये अमेरिकेत 'ट्वेंटी-थ्री अँड मी' कंपनीला स्तनकर्करोगाशी संबंधित केवळ तीन जनुकीय बदल तपासण्याची परवानगी मिळाली. ते बदल प्रामुख्याने अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळतात, तर या जनुकांतले धोकादायक बदल हजाराहून अधिक आहेत. असा अहवाल 'निगेटिव्ह' आला म्हणून मराठी स्त्रीने निर्धास्त होऊ नये.

माहिती कोणाच्या हाती?

2023 मध्ये याच कंपनीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. ज्यू आणि चिनी वंशाच्या ग्राहकांच्या याद्या वेगळ्या काढून विक्रीला ठेवल्या गेल्या. मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. आणि तो तुमच्या एकट्याचा नसतो. भावंडांची, मुलांचीही माहिती त्यात असते.

काय करावे?

- आधी कागदावर तीन पिढ्यांचा आरोग्यवृक्ष काढा. कोणाला, कोणत्या वयात, कोणता आजार झाला आणि नात्यात लग्ने झाली आहेत का, ते लिहा. आईकडची बाजू विसरू नका.
- कुटुंबात कमी वयात कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा अचानक मृत्यू असेल, तर जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्याने योग्य ती चाचणी करा.
- कुतूहलापोटी चाचणी करायची असल्यास आधी घरी बोला. अनपेक्षित नाते उघड झाले तर ते पचवण्याची तयारी आहे का, हे विचारा. नमुना नष्ट करण्याची सोय आहे का, तेही पाहा.

आडनावाची गोष्ट आजीकडून ऐका आणि आजाराची शंका डॉक्टरांना विचारा.