उपाहारगृहातील इंग्रजी

माझा एक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी लंडनला गेला. शाळेत त्याच्याइतका विनयशील मुलगा शोधूनही सापडला नसता. तेथे गेल्यावर पहिल्याच दिवशी तो एका उपाहारगृहात शिरला आणि वाढप्याला म्हणाला, “गिव्ह मी वॉटर.” वाढप्याने पाणी आणून ठेवले, पण कपाळाला आठी घालून. आपले काय चुकले, हे मुलाला कळेना. व्याकरणाच्या दृष्टीने त्याचे वाक्य अगदी शुद्ध होते!

मग चूक कोठे झाली? मराठीत ‘पाणी दे’ आणि ‘पाणी द्या’ ही दोन निराळी रूपे आहेत. आपला आदर क्रियापदाच्या पोटातच असतो. म्हणून ‘कृपया’ न म्हणताही आपले बोलणे नम्र ठरते. इंग्रजीतील ‘गिव्ह’ला ही सोय नाही. धाकट्यांना आणि वडीलधाऱ्यांना ते एकच. तेव्हा इंग्रज माणूस दुसरी वाट काढतो. तो आज्ञा करीत नाही, प्रश्न विचारतो : “कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?” एखादा पदार्थ नको असेल, तर नुसते ‘नो’ न म्हणता तो “नो, थँक यू” म्हणतो. माझ्या विद्यार्थ्याने शब्दांचे भाषांतर केले. ‘द्या’मधील आदर मात्र वाटेतच सांडला.

जेवणाच्या रीती देशोदेशी निराळ्या असतात. आपण उजव्या हाताने जेवतो. इंग्रज डाव्या हातात काटा व उजव्या हातात सुरी धरतो. जेवण संपल्यावर ही दोन्ही बशीत शेजारी शेजारी ठेवली, की वाढपी न विचारता बशी उचलतो. तेथे ‘चिप्स’ मागितल्या, तर बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी येतात. आपल्या पातळ, कुरकुरीत चकत्यांना तेथे ‘क्रिस्प्स’ म्हणतात. हे ठाऊक नसणे हा दोष नव्हे. पाहावे, विचारावे आणि शिकावे. त्यात लाज कसली?

लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. परक्यांशी इंग्रजीत बोलताना ‘प्लीज’ म्हणावयास न चुकणारी पुष्कळ माणसे आपल्या गावच्या खानावळीत मात्र वडिलांच्या वयाच्या वाढप्याला ‘ए, इकडे ये!’ अशी हाक मारतात. ज्या भाषेत आदराचे रूप हाताशी तयार आहे, तिच्यातच ते वापरायचे नाही, याला काय म्हणावे? जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणणाऱ्या आपल्या परंपरेला हे शोभत नाही.

मुलांनो, उपाहारगृहात लागणारी इंग्रजी वाक्ये अवश्य शिका. परंतु ज्याच्या हातून आपल्यापुढे अन्न येते, तोही आपल्यासारखाच माणूस आहे, ही जाणीव आधी मनात असू द्या. ती असली म्हणजे योग्य शब्द सापडण्यास फार वेळ लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यालाही लागला नाही. शेजारच्या टेबलावरील बोलणे त्याने कान देऊन ऐकले आणि निघताना वाढप्याजवळ जाऊन तो हसतमुखाने म्हणाला, “थँक यू.” तेव्हा कोठे त्या कपाळावरची आठी मावळली.