अरुंद फटीतला उजेड

दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा लातूरहून नांदेडास आला. बारावीचे वर्ष, त्यामुळे फराळाच्या ताटाशेजारीही पुस्तक उघडेच असे. एके सायंकाळी मी सहज विचारिले, "विवर्तन म्हणजे काय रे?" त्याने सूत्र अस्खलित म्हणून दाखविले आणि मग प्रांजळपणे म्हणाला, "पण मामा, मी ते कधी पाहिलेले नाही." त्याच रात्री माजघरात आम्ही एक लहानसा प्रयोग मांडिला. वाचकांसही तो घरी करिता येण्याजोगा आहे.

दाढीची दोन पाती धारेस धार भिडवून पुठ्ठ्याच्या खिडकीवर चिकटविली. मधली फट केसाएवढी ठेविली. लेसरचा तांबडा किरण तीतून तीन मीटर दूरच्या भिंतीवर पाडिला. (हा किरण कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि पाती मुलांच्या हाती देऊ नयेत.) दिवे मालविले. भिंतीवर केसाएवढी रेघ उमटावी अशी अपेक्षा. पण दिसला तो मध्ये एक रुंद तेजस्वी पट्टा, आणि त्याच्या दोहों बाजूंस काळोख्या रेघांनी विभागलेले फिकट पट्टे. फट आणखी आवळली तो पट्टे अधिकच पसरले.

आईने जपमाळ बाजूस ठेविली व म्हणाली, "वाट अरुंद केली की माणसे ओळीने चालतात. हा उजेड उलटा फाकतो कसा?"

प्रश्न मर्माचा होता. प्रकाश हा लहरींच्या रूपाने चालतो. फटीच्या प्रत्येक बिंदूपासून लहरी सर्व दिशांस निघतात. समोर त्या सर्व जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात, म्हणून तेथे उजेड. तिरप्या दिशेस मात्र एका कडेच्या लहरीस दुसऱ्या कडेच्या लहरीहून अधिक वाट चालावी लागते. हा फरक बरोबर एका लहरीच्या लांबीइतका झाला, की फटीच्या एका अर्ध्यातील प्रत्येक लहरीस दुसऱ्या अर्ध्यातील एक जोडीदारीण अशी मिळते, की एकीचा उंचवटा तो दुसरीचा खळगा. दोघी परस्परांस मारितात आणि तेथे काळोख पडतो. फट जितकी अरुंद, तितका हा फरक पडावयास अधिक तिरपे जावे लागते. म्हणून पट्टा रुंदावतो.

मग दाराच्या फटीतून येणारे ऊन का फाकत नाही? तांबड्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढी. तिला दाराची फट म्हणजे राजमार्गच. उलट आवाजाची लहर हात-दोन हात लांब, म्हणून स्वयंपाकघरातील हाक दाराला वळसा घालून ओसरीवर येते.

आता भाच्याने पट्टी घेऊन मधला पट्टा मोजला. तो ४ सेंटिमीटर भरला. त्याने पाठ केलेले सूत्र उलटे लाविले, तो फटीची रुंदी निघाली सुमारे ०.१ मिलिमीटर. जी फट आमच्या पट्टीने मोजता येईना, ती उजेडानेच मोजून दिली!

या चमत्काराचे वर्णन इटलीतील ग्रिमाल्डी याच्या १६६५ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. आपल्याकडील दाखला अधिक जवळचा. १९०६ साली 'फिलॉसॉफिकल मॅगेझिन'मध्ये आयताकृती फटीतून होणाऱ्या विवर्तनावर एक निबंध छापून आला. लेखक मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील अवघ्या अठरा वर्षांचा विद्यार्थी, चंद्रशेखर वेंकट रामन. हा त्यांचा पहिला निबंध. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३० साली.

आणि आमच्या मराठवाड्यातच आता याची मोठी कसोटी लागावयाची आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या. तेथे सुतासारखा बारीक किरण सोडिला, तर दुसऱ्या टोकाशी जाईतो तो कित्येक हात फाकेल. म्हणून किरण मुद्दाम रुंद ठेवावा लागतो. अमेरिकेतील अशाच वेधशाळांत आरशांचा व्यास ३४ सेंटिमीटर आहे.

हे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, औंढ्याला कधी जाऊ या?" पुस्तक त्या रात्री प्रथमच मिटलेले होते, आणि सूत्र, मला वाटते, आता तो विसरणार नाही.