वासरू संगोपन केंद्रातील कोंदट शेडबाबत निवेदन

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
सहकारी दूध संघ

विषय : शेडचे आढे व झरोके तातडीने उघडून मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही निफाड तालुक्यातील दूध उत्पादक सभासद. याच विषयाचे आमचे अर्ज आपल्या कार्यालयात पडून आहेत. पावसाळ्याआधी पाहणी होणार होती, ती झाली नाही. मग दिवाळीपर्यंत आढ्यावरचा पत्रा काढून देण्याचा शब्द मिळाला. दिवाळीही गेली. आता कडाक्याची थंडी पडली आहे आणि शेड तशीच बंद आहे.

वासरांना गारठा लागू नये म्हणून आढ्याची फट बुजवली आणि झरोक्यांवर ताडपत्री ठोकली, असे आम्हाला सांगण्यात येते. परिणाम उलटा झाला आहे. पहाटे पत्र्याला घाम सुटतो आणि थेंब वासरांच्या पाठीवर गळतात. दारात उभे राहून 'वास येत नाही' असा शेरा मारला जातो. साहेबांनी कृपया आत येऊन वासराच्या तोंडाच्या उंचीला उकिडवे बसून पाहावे. मुतातल्या अमोनियाने डोळे चुरचुरतात. हीच हवा वासरू रात्रभर ओढते, श्वासनलिकेचे अस्तर सोलवटते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. वेळेवर चीक पाजलेल्या, धडधाकट कालवडी आम्ही अशा गमावल्या आहेत. कोरड्या पाचटात पाय बुडवून बसलेले वासरू थंडी काढते, ओल्या अंगाचे काढू शकत नाही. आमच्या एका सभासदाचा मुलगा नेदरलँड्समध्ये डीमनला असतो. तिथला हिवाळा आपल्यापेक्षा कडक, तरी पुढून उघड्या खोपटांत, जाड अंथरुणावर वासरे वाढवलेली त्याने पाहिली आहेत.

म्हणून आढ्याची फट पूर्ण लांबीने उघडावी, पाऊस आत येऊ नये म्हणून तिच्यावर टोपी बसवावी. छपराखालचे झरोके दोन्ही बाजूंनी मोकळे करावेत. खालची भिंत मात्र बंदच राहू द्यावी, म्हणजे बसल्या वासराला वाऱ्याचा झोत लागणार नाही. हे काम आधी व्हावे.

यासोबत रोज कोरडे अंथरूण मिळावे, मुताची नाली उतारावर घ्यावी. पहिल्या तीन आठवड्यांच्या वासरांना पारा १५ अंशांखाली गेला की दूध वाढवावे. डॉक्टरांची फेरी ठरल्या वारी व्हावी.

तोंडी आश्वासन आता नको. काम कोणत्या तारखेला सुरू होणार, ते आठ दिवसांत लेखी कळवावे. तसे न झाल्यास आम्ही आमच्या कालवडी घरी नेऊ आणि संगोपन शुल्क भरणार नाही.

आपले,
दूध उत्पादक सभासद
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)