विक्रीची किंमत आणि हाती येणारा पैसा

मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि पेडण्यातल्या जमिनीकडे पाहणाऱ्यांची नजर बदलली. वाड्यावाड्यावर दलाल फिरू लागले. डिचोलीतही चित्र फारसे वेगळे नाही. ज्या घराला पिढ्यान् पिढ्या कोणी किंमत विचारली नव्हती, त्याला आज लाखांचा आकडा सांगितला जातो. घर विकावे की राखावे, हा ज्या त्या कुटुंबाचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडणार नाही. परंतु विकायचे ठरलेच, तर विक्रीखतावरचा आकडा आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांत किती अंतर असते, हे आधी समजून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

पहिला खर्च दलालीचा. ती तोंडी ठरवू नये. किती टक्के, कोणी द्यायची आणि केव्हा, हे लिहून घ्यावे. मुद्रांक शुल्क कायद्याने खरेदीदाराने भरायचे असते, मात्र करारात वेगळे ठरले तर तो करार लागू होतो. "खर्च दोघांनी निम्मा-निम्मा" अशी एखादी ओळ साठेखतात हळूच घातलेली असते आणि सही झाल्यावर ती ध्यानात येते. विसार घेण्यापूर्वीच साठेखत आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावे. खरेदीदाराच्या वकिलावर विसंबू नये.

दुसरा आणि सर्वांत मोठा खर्च कराचा. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन भांडवली नफ्याला 12.5 टक्के कर आहे. त्याआधी मिळालेल्या घर-जमिनीसाठी येथे राहणाऱ्यांना महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा हिशेब करण्याची व जो कर कमी येईल तो भरण्याची मुभा आहे. वडिलोपार्जित घराची 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. त्याची फी वाया जात नाही.

उदाहरण घेऊ. घर 80 लाखांना विकले, 2001 ची किंमत 8 लाख निघाली आणि दलाली 2 टक्के, म्हणजे 1 लाख 60 हजार दिली. नफा उरला 70 लाख 40 हजार. त्यावर 12.5 टक्क्यांनी 8 लाख 80 हजार कर आणि 4 टक्के उपकर. दलाली धरून सुमारे पावणेअकरा लाख येथेच गेले. वकील आणि कागदपत्रे यांचा खर्च अजून धरलेला नाही.

कर वाचवण्याचे सरळ मार्ग कायद्यातच आहेत. राहते घर विकून दोन वर्षांत दुसरे घेतले किंवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात गुंतलेल्या नफ्यावर सूट मिळते. ठरावीक सरकारी रोख्यांत सहा महिन्यांच्या आत 50 लाखांपर्यंत गुंतवता येतात. शिवाय समान नागरी कायद्यामुळे ज्या गोमंतकीय दांपत्याची मालमत्ता सामाईक आहे, त्यांचा असा नफा पती-पत्नीत निम्मा-निम्मा धरला जातो. एकाचे उत्पन्न 50 लाखांच्या वर गेले की करावर अधिभार लागतो; विभागणीमुळे तो टळू शकतो. हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते.

किंमत 50 लाख वा अधिक असेल तर खरेदीदार 1 टक्का कर कापून भरतो. हा जादा खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो. पण वारसांपैकी कोणी परदेशी राहत असेल, तर त्याच्या हिश्शावर कितीतरी जास्त कपात होते. आखातात किंवा विलायतेत भाऊ असेल, तर कमी कपातीचा दाखला त्याने खताच्या आधीच काढावा. आणि 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नये. घेतल्यास तेवढाच दंड बसतो.

तिसरा खर्च कागदांचा, आणि आमची कुटुंबे अडतात ती इथेच. एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, घरपट्टी काकांच्या नावावर, आणि वारस पुण्या-मुंबईपर्यंत पांगलेले. आपल्याकडे मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. सामाईक मालमत्तेमुळे सुना-जावयांच्या सह्याही लागतात. विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त करणे हा सोपा मार्ग. वारसांत एकमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी करावी लागते. घर मुंडकारी असेल तर मामलेदाराकडील नोंद आणि जागा खरेदीचे काम आधी पुरे झाले पाहिजे. कागद नसणे म्हणजे काय, हे डिचोलीकरांना सांगायला नको. मयेच्या स्थलांतरित मालमत्तेचा प्रश्न सोडवायला 2014 साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

दारात खरेदीदार उभा असताना ही कामे काढली, की घाईची किंमत मोजावी लागते. कागद पुरे नाहीत म्हणून भाव पाडला जातो, किंवा "सगळे आम्ही करतो, तुम्ही फक्त मुखत्यारपत्र द्या" असे म्हणणारा भेटतो. बनावट दस्तांनी जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी सरकारला 2022 साली विशेष तपास पथक आणि चौकशी आयोग नेमावा लागला, हे विसरू नये. घर विकायचे नसले, तरी घरातली वडीलधारी माणसे हयात असतानाच वारसाच्या नोंदी करून घ्याव्यात.

सरकारकडेही आमची मागणी आहे. वारसा-नोंदीची शिबिरे पेडणे आणि डिचोलीत पंचायतवार भरवावीत. कोणत्या दस्ताला किती शुल्क, याचा तक्ता उपनिबंधक आणि मामलेदार कार्यालयांत मराठीतून लावावा. 1987 च्या राजभाषा कायद्याने शासकीय कामात मराठीच्या वापराला मुभा दिली आहे. मग ज्या खतावर आमची माणसे सही करतात, त्याचा मजकूर त्यांना समजेल अशी सोय का नसावी? मते मागायला जो येईल, त्याला हा प्रश्न विचारावा. आणि तोवर, आपल्या घराचा एक-चौदाचा उतारा याच महिन्यात काढून त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे.