सहा आठवड्यांची माया

गेल्या दिवाळीत एका समव्यवसायी मित्राची कन्या फराळाचा डबा घेऊन आमच्या घरी आली. इंटर्नशिप नुकतीच संपलेली, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला अवकाश. मधल्या काळात काही सत्कार्य घडावे या हेतूने तिने कंबोडियातील सिएम रीप येथील एका बालगृहात सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून जाण्याचे ठरविले होते. राहण्या-जेवणाचे व सेवेचे शुल्क तिनेच भरावयाचे होते. ‘‘काका, तुम्ही बालरोगतज्ज्ञ. एक शिफारसपत्र द्याल ना?’’ मी नाही म्हटले. तिला वाईट वाटले, तिच्या वडिलांना त्याहून अधिक वाटले. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही, ते आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहे.

प्रथम माझीच कबुली. २००९ साली एका परिषदेसाठी काठमांडूला गेलो असता आम्हां काही डॉक्टरांना तेथील एका बालगृहात नेण्यात आले. आत पाऊल टाकताच चारेक वर्षांची एक मुलगी धावत आली आणि माझ्या कडेवर चढली. दोन तास ती उतरली नाही. माझे डोळे भरून आले. इंदूरला परतल्यावर मित्रमंडळींत मी त्या प्रसंगाचे रसभरित वर्णनही केले. माझ्यातला माणूस त्या दिवशी हेलावला हे खरे. परंतु माझ्यातला बालरोगतज्ज्ञ मात्र झोपी गेला होता.

आपल्या दवाखान्यातील नित्याचे दृश्य आठवावे. नऊ-दहा महिन्यांचे मूल आपल्याला पाहताच आईच्या पदरात तोंड लपविते आणि भोकाड पसरते. आई ओशाळते, आणि आपण तिला सांगतो, ‘‘अहो, हे चांगले लक्षण आहे, आपले कोण, परके कोण, हे त्याला कळू लागले आहे.’’ मग चार वर्षांचे मूल संपूर्ण अनोळखी माणसाच्या गळ्यात क्षणार्धात पडते, तेव्हा त्याला आपण निरागस प्रेम कसे म्हणतो? ज्याला स्वतःचे असे कोणी उरलेले नाही, त्याला प्रत्येकच जण आपला वाटू शकतो. अशा सरसकट सलगीची तीव्र अवस्था ही एक स्वतंत्र मनोविकृती म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये नोंदलेली आहे. मी ते लक्षण पाहिले, आणि त्याचा फोटो काढून घेतला.

संस्थेत वाढणाऱ्या बालकांचे काय होते, हा प्रश्न नवा नाही. रेने स्पिट्झ यांनी १९४५ साली आणि जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली तो मांडला. रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तेथील अनाथालयांचे चित्र जगासमोर आले. पुढे २००० च्या सुमारास नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी बुखारेस्ट येथे १३६ बालकांचा अभ्यास आरंभिला. निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने पालक-कुटुंबांत दिली गेली, उरलेल्यांची पूर्ववत व्यवस्था राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती सरस ठरली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना लाभ विशेष झाला. बालकाला पोषण लागते, औषध लागते, तसेच एकच एक माणूस दीर्घकाळ लागतो. दर सहा आठवड्यांनी बदलणारी माया त्याला देणे म्हणजे दर सहा आठवड्यांनी एक वियोग देणे होय.

आता कंबोडियाकडे वळू. युनिसेफच्या सहकार्याने तेथे झालेल्या पाहणीचा अहवाल २०११ साली आला. २००५ साली १५४ असलेली बालनिवासी संस्थांची संख्या २०१० पर्यंत २६९ झाली. पाच वर्षांत पाऊणपट वाढ! या काळात मुलांना एवढ्या संख्येने अनाथ करील असे कोणते युद्ध झाले नव्हते की तशी महामारी आली नव्हती. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की त्या संस्थांतील चारांपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई अथवा वडील हयात होते. घरचे दारिद्र्य आणि मुलाला शिक्षण मिळेल ही आशा, यांपोटी आईबापांनीच त्यांना तेथे पोहोचविले होते. परदेशी देणगीदार आणि पर्यटक यांचा ओघ या संस्थांना पोसत होता. अंगकोरची मंदिरे पाहावयास येणाऱ्यांनी संध्याकाळी मुलांचे नृत्य पाहावे आणि पेटीत काही टाकावे, अशीही सोय काही ठिकाणी होती. नेपाळात यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून शिक्षणाच्या आमिषाने मुले काठमांडूला आणली गेली. त्यांतील कित्येकांना अनाथ म्हणून दाखविण्यात आले. माझ्या कडेवरची ती मुलगी कोणाची होती, हे मी विचारले नव्हते.

२०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीची चौकशी करताना अशा अनाथालयांचा स्वतंत्र विचार केला. कंबोडियाच्या शासनानेही मुलांना कुटुंबांत परत पाठविण्याचे धोरण स्वीकारले. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. (आपल्याकडे वाढदिवसाला बालगृहात जाऊन केक कापण्याची जी प्रथा रूढ झाली आहे, तिच्याविषयी लिहावयास बसलो तर अर्धी मंडळी दुखावतील; आणि मीही त्यांतलाच आहे.)

दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियांसाठी परदेशी जाणाऱ्या शल्यचिकित्सकांविषयी माझे हे म्हणणे नाही. ते आपले कौशल्य घेऊन जातात. शिवाय मुलाची आई उशाशी बसलेली असते. खरोखरच निराधार असलेल्या मुलांना आसरा लागतो, हेही मान्य. पण चारित्र्यपडताळणी नाही, भाषा येत नाही, अशा एखाद्या परदेशी तरुणाला आपण आपल्या नातवाच्या पाळणाघरात दीड महिना मोकळे सोडू काय?

‘‘मग आम्ही काहीच करायचे नाही का, काका?’’ तिचा हा प्रश्न रास्त होता. मी म्हटले, त्या शुल्कात एखाद्या कंबोडियन मातेच्या औषधोपचाराला किंवा मुलाच्या शाळेला हातभार लागेल; मूल घरीच राहील. कुटुंबांना आधार देणाऱ्या संस्था तेथे आहेत. यात फोटो मिळणार नाहीत, हे कबूल. जावयाचेच असेल, तर आधी त्या बालगृहाला तीन प्रश्न विचार: किती मुलांचे आईवडील हयात आहेत? ते शेवटचे कधी भेटले? आणि मी परतल्यावर माझ्याकडची मुले कोण सांभाळणार?

तिने तसे पत्र पाठविले. आठ दिवसांनी उत्तर आले, ते तिने मला दाखविले. विमानतळावर घ्यावयास येणाऱ्या गाडीची माहिती होती, शुल्काचा दुसरा हप्ता कधी भरावा हे होते, आणि अखेरीस तिच्या टी-शर्टचे माप विचारले होते.